तीन आडनावांची एलन

मेलबर्नला भाचीकडे राहायला गेले होते, त्या वेळची गोष्ट. एका दुपारी ती म्हणाली, "मावशी, तुला जुनी दप्तरे आवडतात ना, मग चल, जुना तुरुंग दाखवते." रसेल स्ट्रीटवरचा तो तुरुंग आता संग्रहालय आहे. काळपट दगडाच्या भिंती, तीन मजले अरुंद कोठड्या आणि मधोमध फाशीची जागा. ११ नोव्हेंबर १८८० रोजी इथे नेड केलीला फाशी झाली. लोखंडी चिलखत घालून पोलिसांशी लढलेला हा दरोडेखोर कुणाला नायक वाटतो, कुणाला खुनी, पण ऑस्ट्रेलियात त्याचे नाव ठाऊक नसलेला माणूस विरळा. त्याच्या चेहऱ्याचा मृत्यूनंतर घेतलेला साचा तिथे आहे. सगळे त्याच्याभोवती उभे होते. माहिती सांगणारा जाता जाता एक वाक्य बोलून गेला : त्या दिवशी नेडची आईही याच तुरुंगात कैदी होती आणि धुलाईखान्यात कामाला होती.

बाकीची मंडळी पुढे सरकली. मी मात्र त्या वाक्यापाशी थांबले. ही बाई आत कशासाठी होती? ती कुठून आली? मुलाला फाशी झाल्यावर तिचे काय झाले?

हे प्रश्न मला पडले त्याला घरचे कारण आहे. मी इतिहासाची पदवीधर नाही. सत्तावीस वर्षे तहसील कचेरीत कारकुनी केली. फेरफार, वारसनोंदी, सातबारा यांत हयात गेली. मोडी संध्याकाळच्या वर्गात शिकले, ते पणजीचा माग काढायला. पणजी मला सापडली ती एकाच ठिकाणी : पणजोबा वारल्यावर झालेल्या वारसनोंदीत, 'मयताची विधवा' म्हणून. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमच्या सात पिढ्या आहेत, पण पुरुषांच्या. पणजीचे माहेरचे नाव वेगळे होते एवढेच आजी सांगायची. ते काय होते, कुठल्या गावचे, हे कुणालाच ठाऊक नाही.

मेलबर्नहून परतल्यावर मी एलनच्या मागे लागले. व्हिक्टोरिया राज्याचा सरकारी दप्तरखाना आणि तिथली जुनी वर्तमानपत्रे आता घरबसल्या वाचता येतात. गरीब, परक्या देशात आलेल्या बाईचा इतिहास कागदावर कसा उरतो, कुठे उरतो आणि कुठे उरत नाही, हे एलनच्या निमित्ताने समजले ते इथे मांडते आहे.

आयर्लंडकडची कोरी पाने

एलन क्विनचा जन्म १८३२च्या सुमारास आयर्लंडच्या उत्तरेकडील अँट्रिम परगण्यात झाला. वडील जेम्स क्विन, आई मेरी, माहेरची मॅकक्लस्की. 'सुमारास' हा शब्द इथे नाइलाजाने येतो. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली १८६४मध्ये, म्हणजे एलन तिशी ओलांडून गेल्यावर. त्याआधीचे जन्म शोधायचे तर चर्चची बाप्तिस्मा-वही पाहावी लागते, आणि गरीब कॅथलिक वस्त्यांतल्या अशा कितीतरी वह्या उशिरा सुरू झाल्या किंवा तुटक उरल्या.

मग जनगणना? १८२१पासून दर दहा वर्षांनी ती झाली होती. पण आयरिश यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील दप्तरखाना स्फोटात आणि आगीत गेला आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनेची जवळपास सगळी पाने त्यात जळाली. १८६१ ते १८९१च्या तर सरकारने आधीच नष्ट करून टाकल्या होत्या. म्हणून आयरिश घराण्यांचा शोध घेणारे शेतसाऱ्याकडे वळतात : चर्चच्या दशमांश कराच्या याद्या आणि १८४७ ते १८६४ या काळात झालेली जमीन-घरांची आकारणी. महसुली कागदच अखेर कामाला येतात हे वाचून माझ्यातली कारकून सुखावली. पण या याद्यांत नाव असते ते खातेदाराचे. शेतात राबणारी बायको, मुलगी त्यात नसते. आणि दुसऱ्या आकारणीच्या आधीच क्विन कुटुंबाने देश सोडला होता.

इथे एक समज दुरुस्त करायला हवा. आयरिश स्थलांतर म्हटले की बटाट्याचा दुष्काळ डोळ्यांसमोर येतो. तो पडला १८४५मध्ये. १८४१ला ८१ लाखांच्या वर असलेली लोकसंख्या १८५१ला साडेपासष्ट लाखांवर आली, इतका तो भीषण होता. पण क्विन मंडळी निघाली ती त्याच्या चार वर्षे आधी. तुकड्या-तुकड्यांत वाटलेली जमीन आणि वाढता खंड यांनी दुष्काळाआधीच माणसे बाहेर ढकलायला सुरुवात केली होती.

बोटीवरची नोंद

जुलै १८४१मध्ये 'इंग्लंड' नावाच्या जहाजातून क्विन कुटुंब पोर्ट फिलिपला, म्हणजे आजच्या मेलबर्नला उतरले. एलन नऊ वर्षांची असावी. भाडे वसाहतीच्या मदतीतून भरले गेले होते. मजूर हवे होते, म्हणून वसाहत अशा प्रवाशांवर पैसे खर्च करत असे. आणि सरकारी पैसा खर्च झाला की यादी होते! एलनचा कागदोपत्री जन्म खऱ्या अर्थाने या यादीत होतो. स्वखर्चाने आलेल्यांपेक्षा मदतीवर आलेल्या गरिबांची माहिती अधिक सापडते, ती यामुळेच.

मेलबर्न तेव्हा जेमतेम सहा वर्षांचे गाव होते. जमीन मात्र रिकामी नव्हती. ती कुलिन समूहातल्या वुरुंडजेरी, तांगुरुंग अशा लोकांची होती आणि मेंढरांचे कळप घेऊन आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्यांना काही वर्षांतच तिथून हुसकले. आपल्या देशात जमिनीवाचून राहिलेली माणसे इथे दुसऱ्यांच्या जमिनीवर उभी राहत होती. एलनची कथा सांगताना हे विसरून चालणार नाही.

क्विन मेलबर्नच्या उत्तरेला गुरे पाळत, दूध विकत हळूहळू सावरले आणि वॉलनला स्थिरावले. तिथे कामाला आला जॉन केली, केसांच्या रंगावरून 'रेड'. टिपरेरी परगण्यातला. दोन डुकरे चोरल्याबद्दल त्याला १८४१मध्ये सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, ती त्याने व्हॅन डिमेन्स लँडमध्ये, म्हणजे आजच्या तस्मानियात भोगली आणि १८४८ला सुटून मुख्य भूमीवर आला. १८ नोव्हेंबर १८५० रोजी मेलबर्नच्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये दोघांचे लग्न लागले. एलन अठरा वर्षांची, नवरा तिशीचा.

दोघांची कागदपत्रे शेजारी ठेवली की गंमत दिसते. रेडचा बाप्तिस्मा, खटला, जहाज, तुरुंगातले वर्तन, सुटकेचा दाखला, सारे मिळते. निरपराध एलनचे नऊ ते अठरा ही वर्षे जवळपास कोरी. सरकार ज्याच्या पाठीशी लागते त्याचा इतिहास नीट लिहिला जातो. घरी गाई दोहणाऱ्या मुलीकडे बघायला कोण फिरकणार?

बारा मुले, तीन एलन

व्हिक्टोरिया वसाहत १८५१मध्ये वेगळी झाली आणि १ जुलै १८५३पासून तिथे जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली. ही नोंद फार तपशिलाची. मृत्यूच्या दाखल्यात मृताचे आईवडील, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थान, वसाहतीत किती वर्षे, लग्न कुठे कोणाशी, मुले किती आणि त्यांची वये, इतके रकाने! आमच्या कचेरीत असा नमुना असता तर पणजीचे माहेर मला एका दिवसात सापडले असते.

पण नमुना चांगला असला म्हणजे नोंद होतेच असे नाही. नेड जन्मला तो बहुधा १८५४च्या डिसेंबरात, म्हणजे कायदा लागू झाल्यावर. तरी त्याच्या जन्माची नोंद सापडत नाही. चार्ल्स ओ'हे या पाद्र्याने त्याचा बाप्तिस्मा केला आणि पुढे फाशीपूर्वीचे धर्मसंस्कारही त्यानेच केले. पण जन्मतारीख आजही ठामपणे सांगता येत नाही.

एलनला रेडपासून आठ मुले झाली. पहिली मेरी जेन तान्हेपणीच गेली. मग अ‍ॅनी, एडवर्ड म्हणजे नेड, मार्गरेट, जेम्स, डॅनियल, कॅथरिन म्हणजे केट, आणि ग्रेस. बेव्हरिजला घर बांधले, ते विकून १८६४मध्ये कुटुंब ॲव्हेनेलला गेले. तिथे १८६५मध्ये गाईचे कातडे बेकायदा जवळ बाळगल्याबद्दल रेडला पंचवीस पौंड दंड किंवा सहा महिने कैद झाली. इतका पैसा कुठला? तो कैदेत गेला. दारू वाढली, अंगाला सूज आली आणि २७ डिसेंबर १८६६ रोजी तो वारला. मृत्यूची खबर निबंधकाकडे देऊन सही करणारा होता नेड, वय अकरा-बारा. एलन चौतिशीत विधवा झाली. पदरात सात मुले.

पुढची नावे नीट लक्षात ठेवावी लागतात. बिल फ्रॉस्ट नावाच्या माणसापासून १८७०मध्ये तिला मुलगी झाली. तिचे नाव एलन. ती १८७२मध्ये वारली. नंतर जॉर्ज किंग या कॅलिफोर्नियाहून आलेल्या, तिच्यापेक्षा बऱ्याच लहान वयाच्या तरुणापासून १८७३मध्ये पुन्हा मुलगी झाली. तिचेही नाव एलनच. मग जॉन आणि १८७८मध्ये अ‍ॅलिस. किंगशी लग्न लागले फेब्रुवारी १८७४मध्ये बेनाल्ला येथे, आणि तेही कॅथलिक चर्चमध्ये नव्हे, एका मेथडिस्ट पाद्र्यासमोर. काही वर्षांत किंग निघून गेला.

म्हणजे आई एलन, मेलेली एलन आणि जगलेली एलन. गेलेल्या मुलाचे नाव पुढच्याला ठेवण्याची रीत तिकडे सर्रास होती. नवख्या संशोधकाने दोघींची एक केली की वये चुकतात आणि वंशावळ कोलमडते. त्यात आईची आडनावे तीन : क्विन, केली, किंग. नवे लग्न लागूनही वर्तमानपत्रे आणि पोलीस तिला 'मिसेस केली'च म्हणत राहिले. बाईचा शोध घ्यायचा तर तिची सगळी नावे आधी एका कागदावर लिहून काढावीत. माझ्या पणजीच्या बाबतीत मी नेमके हेच उशिरा शिकले.

अठ्ठ्याऐंशी एकर

विधवा झाल्यावर एलन १८६७मध्ये ईशान्येकडे ग्रेटाला बहिणींजवळ राहायला गेली. दोन बहिणींचे नवरे तेव्हा तुरुंगात होते. तिन्ही बायका आणि मुले एका जुन्या हॉटेलच्या इमारतीत राहत. १८६८च्या जानेवारीत एलनचा दीर जेम्स केली दारूच्या नशेत आला. त्याला बाहेर काढल्यावर रात्री त्याने घर पेटवले. सगळ्या जीव घेऊन बाहेर पडल्या म्हणून वाचल्या. दिराला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे पंधरा वर्षांच्या सक्तमजुरीवर आली. शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होते रेडमंड बॅरी. हे नाव पुन्हा येणार आहे.

त्यानंतर एलनने इलेव्हन माइल क्रीकच्या काठी अठ्ठ्याऐंशी एकर जमीन घेतली. ही जमीन कशी मिळे, ते सांगायला हवे. सुरुवातीच्या मोठ्या मेंढपाळांनी हजारो एकर अडवून ठेवले होते. त्यांना 'स्क्वॉटर' म्हणत. सोन्याच्या खाणी आटू लागल्यावर सामान्यांनी जमिनीची मागणी केली आणि १८६० ते १८६९ या दशकात चार कायदे झाले. १८६२चा कायदा ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते चार्ल्स गॅव्हन डफी स्वतः आयरिश राष्ट्रवादी होते. छोट्या कसणाऱ्याला 'सिलेक्टर' म्हणत. १८६९च्या कायद्यानुसार त्याला ३२० एकरांपर्यंत जमीन निवडता येई. एकरी वर्षाला दोन शिलिंग भरायचे, जमिनीवर स्वतः राहायचे, कुंपण घालायचे, ठरावीक भाग कसायचा आणि तीन वर्षांत एकरी एक पौंडाच्या सुधारणा दाखवायच्या. तेव्हा कुठे पुढे विकत घेण्याचा हक्क.

अठ्ठ्याऐंशी एकरांचा त्या दराने वर्षाचा सारा होतो ८ पौंड १६ शिलिंग. वर कुंपण, घर, बियाणे. पुरुष माणूस नाही, मुले लहान, जमीन सामान्य. इतक्या जमिनीत एवढ्या कुटुंबाचे गहू पिकवून भागणे शक्य नव्हते. मग वाटसरूंना जेवण आणि मुक्काम द्यायचा, चोरून दारू विकायची. मुले घोड्यांच्या नादी लागली आणि घोडे चोरू लागली. यात निर्दोषपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. त्या भागात गुरेघोड्यांची चोरी होत होती आणि केली-क्विन मंडळी त्यात होती.

या जमीनवाटपाच्या फाइली व्हिक्टोरियाच्या दप्तरखान्यात जपून ठेवल्या आहेत. अर्ज, घराची लांबी-रुंदी, कुंपणाचा प्रकार, किती एकर नांगरले, थकबाकी किती, शेजाऱ्याची साक्ष. आमच्या पीकपाहणीचाच भाऊ! वंशावळ शोधणाऱ्याने चर्चच्या वहीआधी या फाइली मागवाव्यात असे मी म्हणेन, कारण त्यांत माणसांची नावे असतात आणि त्यांचे जगणेही. विशेष म्हणजे इथे बाई स्वतः खातेदार आहे. नवऱ्याशिवाय उभी राहिल्यावरच ती कागदावर तिच्या नावाने येते. १८७१मध्ये तिने बिल फ्रॉस्टवर मुलीच्या पोटगीसाठी बेनाल्लाच्या कोर्टात दावा लावला आणि जिंकला. लग्नाशिवाय झालेल्या मुलीसाठी उघड्या कोर्टात उभे राहणे त्या काळी सोपे नसणार.

तिच्या घराचे सर्वांत चांगले वर्णन मात्र पोलिसाने केलेले आहे. १८७७मध्ये निकोल्सन नावाचा वरिष्ठ अधिकारी घराची पाहणी करून गेला. लाकडी झोपडे, झाडाच्या सालीचे छप्पर, आत घोंगड्या-चादरी टांगून केलेल्या पाच खोल्या. मला हे वाचून वाईट वाटले आणि आभारही मानावेसे वाटले. तो संशय घेऊन आला म्हणून ते घर आपल्याला दिसते. पण हे कागद वाचताना लिहिणाऱ्याची नजर लक्षात ठेवावी लागते. या मंडळींचा दबदबा मोडायला हवा, किरकोळ गुन्ह्यात का होईना त्यांना आत टाकायला हवे, असे त्याच अधिकाऱ्याचे मत होते.

१५ एप्रिल १८७८

त्या दिवशी अलेक्झांडर फिट्झपॅट्रिक हा शिपाई डॅनला घोडेचोरीच्या आरोपावरून पकडायला एलनच्या घरी गेला. वॉरंट निघाल्याचे त्याने वाचले होते, पण ते त्याच्याजवळ नव्हते. वाटेत तो दारू प्याला होता. पुढे काय झाले याच्या दोन कहाण्या आहेत. फिट्झपॅट्रिक म्हणतो, नेडने आत येऊन गोळ्या झाडल्या, मनगटाला जखम झाली आणि एलनने चुलीतल्या फावड्याने डोक्यावर मारले. केली मंडळींनी वेळोवेळी वेगवेगळे सांगितले. नेड तिथे नव्हताच, इथपासून शिपायाने घरातल्या मुलीशी गैरवर्तन केले, इथपर्यंत. जखम पाहणाऱ्या डॉक्टरने साक्ष दिली की एक जखम गोळीची असू शकेल. शिपायाच्या तोंडाला ब्रँडीचा वास येत होता, हेही त्याने सांगितले.

एलनला पकडले तेव्हा अ‍ॅलिस अगदी तान्ही होती. ऑक्टोबर १८७८च्या दुसऱ्या आठवड्यात बीचवर्थला खटला झाला. खुनाच्या प्रयत्नाला साहाय्य, असा आरोप. मुख्य आधार त्या एका शिपायाची साक्ष. एलनला तीन वर्षे, जावई स्किलियन आणि शेजारी विल्यमसन यांना प्रत्येकी सहा वर्षे. न्यायाधीश तेच, रेडमंड बॅरी. १८८०मध्ये फिट्झपॅट्रिकला पोलीस खात्यातून काढून टाकले, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

केली प्रकरण आयरिश विरुद्ध इंग्रज असे सांगितले जाते. कागद तसे म्हणत नाहीत. बॅरी कॉर्क परगण्याचे, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले. मेलबर्नचे विद्यापीठ आणि मोठे ग्रंथालय उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा. ग्रंथालयासमोर त्यांचा पुतळा आहे. लुइझा बॅरो या बाईपासून त्यांना चार मुले होती आणि त्यांनी तिच्याशी लग्न केले नव्हते. त्यांच्या प्रतिष्ठेला त्याने धक्का लागला नाही. एलनच्या बाबतीत मात्र तेच तिच्या चारित्र्याचे माप ठरले. आणि शिक्षेनंतर दोनेक आठवड्यांनी, २६ ऑक्टोबरला, स्ट्रिंगीबार्क क्रीकपाशी नेडच्या टोळीने ज्या तीन पोलिसांना मारले ते केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन तिघेही आयर्लंडात जन्मलेले. केनेडी आणि लोनिगन यांच्या मागे बायका-मुले होती. त्या विधवांचा इतिहासही कुणीतरी असाच खोदून लिहायला हवा.

यानंतरचे नेडचे पर्व सर्वश्रुत आहे : बँकांवरचे दरोडे, आईच्या शिक्षेबद्दलचा संताप ज्यात वारंवार येतो ते जेरिल्डरीचे लांबलचक पत्र, जून १८८०मध्ये ग्लेनरोवनची चकमक. त्या चकमकीत डॅन मेला. नेड जखमी होऊन पकडला गेला. त्याला फाशी सुनावणारेही बॅरीच. निकालानंतर नेड आणि एलन एकाच तुरुंगात होते. आईला त्याची भेट घेऊ दिली. नेडच्या फाशीनंतर बाराव्या दिवशी बॅरीही वारले.

सुटल्यानंतरची बेचाळीस वर्षे

फेब्रुवारी १८८१मध्ये एलन सुटली. एकोणपन्नाशीच्या घरातली बाई. इथे बहुतेक पुस्तके तिला सोडून देतात, कारण नेड संपलेला असतो. मला तर खरी एलन इथे सुरू होते असे वाटते.

ती ग्रेटाला परतली तेव्हा त्या भागात पुन्हा भडका उडेल अशी भीती होती. फरारींच्या बाजूच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या कुटुंबांना जमीन नाकारण्याचे धोरण १८७९पासून चालू होते. रॉबर्ट ग्रॅहम नावाचा शिपाई ग्रेटाच्या चौकीवर होता. तो एलनशी माणसासारखा बोलला. तिने आपल्या लोकांना आवरावे अशी त्याने विनंती केली, आणि तिने ती ऐकली. भडका उडाला नाही. सूडाच्या इतक्या कथा सांगितल्या जातात, त्यात ही गोष्ट मला फार मोठी वाटते. घराने दोन मुलगे गमावले होते, आणि पुढचे रक्त थांबवायला तिचाच हात लागला.

पुढे मृत्यू येतच राहिले. अ‍ॅनी १८७२मध्येच बाळंतपणात गेली होती. मार्गरेट १८९६ला गेली. तुरुंगातल्या आईच्या माघारी भावंडांना सांभाळणारी हीच. १८९८मध्ये केट न्यू साउथ वेल्समधल्या फोर्ब्सजवळ पाण्यात बुडून मेली. जिम जाऊन तिची मुले घेऊन आला आणि साठी ओलांडलेल्या एलनने नातवंडे वाढवली. मोजून पाहिले, बारांपैकी किमान सात मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली.

१९०६च्या डिसेंबरात मेलबर्नमध्ये तिच्या मुलावरचा चित्रपट लागला. एक तासाहून लांबीचा, जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जाणारा. आपल्या फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या सात वर्षे आधी. ज्याच्यावर सिनेमे निघू लागले त्याची आई तेव्हा ग्रेटाला जिमबरोबर साध्या घरात राहत होती. १९११मध्ये सिडनीच्या 'सन' वर्तमानपत्राचा कुकसन नावाचा बातमीदार तिला भेटला. तिचे स्वतःचे बोलणे छापील रूपात मिळते ते अशा ठिकाणी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षाच्या आसपास, तेही दुसऱ्याच्या लेखणीतून.

२७ मार्च १९२३ रोजी ती वारली. नव्वदी पार केली होती. ग्रेटाच्या दफनभूमीत तिला पुरले. कबरीवर नावाचा दगड नव्हता. ज्या दप्तरखान्यात तिच्या लहानपणाचा माग असू शकला असता तो डब्लिनला जळाला, त्याला तेव्हा नऊ महिने होत होते.

आईकडून आलेला पुरावा

फाशीनंतर नेडला तुरुंगाच्या आवारात पुरले होते. तुरुंग पाडताना १९२९मध्ये कैद्यांचे अवशेष पेंट्रिजच्या तुरुंगात हलवले गेले आणि कोणता सांगाडा कोणाचा हे कळेनासे झाले. २००९मध्ये ते पुन्हा उकरले आणि २०११मध्ये त्यांतला एक नेडचा असल्याचे जाहीर झाले.

हे कसे ठरले? आपल्या पेशींमध्ये मायटोकाँड्रिया नावाचे घटक असतात. त्यांचा डीएनए मुलाला आणि मुलीला मिळतो तो आईकडूनच. मुलाकडे तो थांबतो, मुलगी तो पुढे देते. म्हणून नेडची ओळख पटवायला बापाच्या आडनावाची माणसे उपयोगाची नव्हती. हवा होता तो एलनच्या मुलीच्या, मग तिच्या मुलीच्या, अशा अखंड स्त्रीवंशातला माणूस. तसा एक वंशज होता. त्याच्या रक्ताशी हाडांचा डीएनए जुळला. आणि तो माणूस कोणत्या बाईच्या पोटचा, ती कोणत्या बाईच्या, हे सांगता आले ते कागदांमुळे. आईचे माहेरचे आडनाव हा रकाना व्हिक्टोरियाच्या नमुन्यात होता म्हणून ती साखळी जोडता आली.

जानेवारी २०१३मध्ये नेडचे अवशेष ग्रेटाला, आईजवळ पुरले.

एलनच्या शोधात मी ज्या क्रमाने गेले तो इथे एकत्र सांगते, कुणाच्या उपयोगी पडला तर. आधी बाईची सगळी नावे. मग जहाज, जमीन, कोर्ट, तुरुंग, म्हणजे ज्या ज्या कचेरीचा उंबरठा तिने ओलांडला ते सारे. मग मुलांचे जन्ममृत्यू, कारण आईची माहिती मुलांच्या दाखल्यांत दडलेली असते. आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने एक प्रश्न : हे कोणी लिहिले आणि त्याला हिच्याकडून काय हवे होते? ज्या वर्षांत कागद नाही ती वर्षे निवांत गेली असतील अशी आशा ठेवावी.

परतल्यावर मी आमच्या घरच्या वंशावळीची वही पुन्हा लिहायला घेतली. प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे बायकोचे सासरचे नाव, माहेरचे नाव, माहेरचे गाव आणि तिच्या आईचे नाव, असे चार रकाने आखले. आजीच्या पिढीपर्यंत भरले. पणजीच्या ओळीत सासरचे एक नाव आहे, पुढचे तीन रिकामे. दिवाळीला घरोघर चार पिढ्या एकत्र येतात. तुमच्याकडे ऐंशीच्या पुढची कुणी असेल तर फराळ झाल्यावर तिच्याजवळ बसा आणि तिच्या आईचे माहेरचे नाव विचारून लिहून ठेवा. माझ्या आजीला मी ते वेळेवर विचारले नाही.